बोट उचललं की कॉम्प्युटरचं खरं काम सुरू होतं

प्रश्न: ताई, नमस्कार. मी सरावासाठी व्हर्च्युअल ऑर्गन, म्हणजे कॉम्प्युटरवर वाजणारा पाइप ऑर्गन, लावलाय, दोन मिडी कीबोर्ड आणि ३० पट्ट्यांचा पेडलबोर्ड आहे. सध्या १६ जीबीच्या लॅपटॉपवर हाउप्टवर्क हा ऑर्गनचा प्रोग्राम चालवतो. चारपाच स्टॉप काढून (म्हणजे पाइपांचे तेवढे संच चालू करून) वाजवलं तर काही त्रास नाही, पण सगळे स्टॉप काढून जरा जलद वाजवलं की आवाज तुटतो, कडकड येते. आता मला तीन मॅन्युअलचा (हातांच्या कीबोर्डचा) एक मोठा सराउंड सॅम्पल सेट, म्हणजे एका खऱ्या ऑर्गनचं रेकॉर्डिंग, घ्यायचाय, त्याला २४ बिटवर सगळी चॅनेल धरून साधारण ४८ जीबी रॅम लागते असं लिहिलंय. माझा एक मित्र गेमिंगचे पीसी बांधतो, त्याने यादी करून दिली: ८ कोअरचा एक्स३डी प्रोसेसर, ३२ जीबी डीडीआर५ रॅम, भारी ग्राफिक्स कार्ड, वॉटर कूलिंग, ८५० वॅटचा पॉवर सप्लाय, २ टीबीची एसएसडी. म्हणतो ३२ भरपूर होते, वाटलं तर नंतर अजून दोन स्टिक लाव. ऐकू का त्याचं? स्पीकर सध्या दोनच आहेत.

उत्तर: नमस्कार. तुमच्या मित्राची यादी वाईट नाहीये, गेमसाठी ती छानच आहे, पण ऑर्गनसाठी ती उलटी झालीय, म्हणजे जिथे पैसा घालायचा तिथे हात आखडता घेतलाय आणि जिथे गरजच नाही तिथे ओतलाय. ग्राफिक्स कार्ड काढून टाका, ते पैसे रॅमवर घाला, वॉटर कूलिंगही काढा. घाईत असाल तर एवढंच पुरे, पण मी म्हणेन की पुढचंही वाचा कारण नुसती यादी बदलून भागणार नाही, तुमचा लॅपटॉप नेमका कुठे अडतोय ते एकदा कळलं की पुढचा प्रत्येक पार्ट तुम्हालाच निवडता येईल.

तुम्ही लिहिलंय की सगळे स्टॉप काढून जलद वाजवलं की आवाज तुटतो. यातला जलद हा शब्द महत्त्वाचा आहे. नुसता एक मोठा कॉर्ड धरून बसलात तर बहुतेक तुटत नसेल, बघा करून. कारण असं की सॅम्पल सेटमध्ये प्रत्येक पाइप वेगळा रेकॉर्ड केलेला असतो, आणि पट्टी सोडल्यावर त्या इमारतीत जो घुमार राहतो तोसुद्धा त्या पाइपचाच वेगळा रेकॉर्ड केलेला असतो, त्याला रिलीज म्हणतात. चांगल्या सेटमध्ये तर पट्टी किती वेळ दाबून ठेवली होती त्यावरून दोनतीन वेगळे रिलीज असतात, कारण झटकन सोडलेल्या सुराचा घुमार आणि लांब धरलेल्या सुराचा घुमार खरोखरच वेगळा असतो. आता हिशोब करू. समजा २० स्टॉप काढलेत आणि एका हाताने सेकंदाला ८ सूर अशी धाव घेतलीत. दर सेकंदाला १६० पाइप वाजून सुटले. इमारतीचा घुमार ५ सेकंदांचा धरला तर कुठल्याही क्षणी घुमाराच्या ८०० शेपट्या एकाच वेळी विरत असतात. सराउंड सेटमध्ये जवळचा, लांबचा आणि मागचा असे तीन स्टीरिओ आवाज असतात, त्यांनाच चॅनेल म्हणतात, म्हणजे झाले २४००. हा फक्त एका हाताचा एकेरी सूर झाला, त्यात दुसरा हात, पेडल, आणि कपलर (एका कीबोर्डला दुसऱ्याचे सूर जोडणारे खटके) घाला. तुमची बोटं पट्टीवर असतात तेव्हा कॉम्प्युटरला त्या मानाने आरामच असतो, बोटं उचलली की त्याच्यावर भार पडतो. एका वेळी किती आवाज पेलता येतात या आकड्याला पॉलिफनी म्हणतात आणि तुमचं गाडं तिथेच अडतंय.

म्हणून दोन गोष्टी लागतात. हे सगळे सॅम्पल ठेवायला जागा, म्हणजे रॅम, आणि त्यातून एकाच वेळी हजारो ठिकाणांहून डेटा उचलून तो एकत्र मिसळायची ताकद, म्हणजे प्रोसेसर आणि रॅमचा वेग. बाकी सगळं दुय्यम आहे.

आधी रॅमचं बोलू. हाउप्टवर्क काय किंवा फुकट मिळणारं ग्रँडऑर्ग काय, वाजवताना सॅम्पल रॅममधून घेतलं जातं, म्हणून तुम्ही निवडलेला सगळा सेट आधी रॅममध्ये चढवावा लागतो. एसएसडी कितीही फास्ट असली तरी ती रॅमची जागा घेत नाही, हा गैरसमज खूप जणांचा असतो. तुमच्या सेटला २४ बिटवर ४८ जीबी लागतात. तोच १६ बिटवर, म्हणजे थोड्या कमी बारकाव्याने, चढवला तर ढोबळमानाने दोन तृतीयांश, म्हणजे ३२ जीबी. आता मित्र म्हणतो तशी ३२ घेतलीत तर १६ बिटवरसुद्धा सेट बसत नाही, कारण विंडोजला आणि खुद्द प्रोग्रामला काही जीबी लागतातच. म्हणजे नवीन कॉम्प्युटर पहिल्याच दिवशी अपुरा. ६४ घेतलीत तर २४ बिटवर सगळ्या चॅनेलसकट तुमचा सेट आरामात बसतो आणि वर हात हलवायला जागा उरते. पुढे याहून मोठा चार मॅन्युअलचा सेट घ्यायचं स्वप्न असेल तर ९६ घ्या, ४८ च्या दोन स्टिक मिळतात, आणि मी स्वतः तेच करेन, कारण ज्याला ऑर्गनची गोडी लागली तो एका सेटवर थांबलेला मी तरी अजून पाहिला नाही.

आणि इथेच मित्राच्या दुसऱ्या सल्ल्यात मोठा खड्डा आहे. नंतर अजून दोन स्टिक लाव हे डीडीआर४ च्या काळात चालून जायचं. डीडीआर५ ला साध्या मदरबोर्डवर चार स्टिक लावल्या की वेग धाडकन खाली येतो. एएमडीच्या रायझन प्रोसेसरच्या ७००० आणि ९००० मालिकेत दोन स्टिक असतील तर अधिकृत वेग ५२०० आणि ५६०० आहे, चार लावल्या की तो ३६०० वर येतो. जोर लावून जास्त चालवता येतो काही जणांना, पण मग कधीतरी वाजवता वाजवता सगळं गोठतं, आणि वाद्य असं भरवशाशिवाय असून चालत नाही. म्हणून जेवढी रॅम शेवटी हवी तेवढी आत्ताच, दोनच स्टिकमध्ये, एकाच पाकिटातला जोड म्हणून घ्या. बोर्ड बनवणारी कंपनी तपासलेल्या रॅमची यादी देते, त्यात तुमचा जोड आहे ना ते बघा. दोन स्टिक कुठल्या स्लॉटमध्ये घालायच्या तेही बोर्डाच्या माहितीपुस्तिकेत असतं, चुकीच्या दोन स्लॉटमध्ये घातल्या तर रॅमचा एकच मार्ग चालतो आणि तिचा वेग अर्धा होतो, आणि पॉलिफनीला तो वेग लागतोच. बायोसमध्ये जाऊन एक्सपो किंवा एक्सएमपी (रॅम तिच्या छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला विसरू नका नाहीतर रॅम तिच्या मूळ कमी वेगावरच चालत राहते. हो, आणि पहिल्यांदा चालू कराल तेव्हा स्क्रीन काही मिनिटं काळी राहू शकते, डीडीआर५ ला पहिल्या वेळी बोर्ड जुळवून घेत असतो, घाबरून बटण दाबू नका.

तुमचे स्पीकर दोनच आहेत हे तुम्ही शेवटी सहज लिहिलंय पण ते फार महत्त्वाचं आहे. मागच्या चॅनेलचा खरा उपयोग मागे स्पीकर असले तरच. सेट चढवताना कुठली चॅनेल घ्यायची ते निवडता येतं, तर सध्या मागचं चॅनेल सोडून द्या, रॅम वाचेल आणि मघाच्या हिशोबातले २४०० थेट १६०० वर येतील. दोन स्पीकरवर तिन्ही मिसळूनही ऐकता येतं, वाईट लागत नाही, पण मला ते गढूळ वाटतं, जवळचा आवाज आणि थोडा लांबचा एवढं पुरतं. पुढे मागचे स्पीकर आले की ते चॅनेल चढवा, रॅम तर घेतलेलीच असेल.

आता प्रोसेसर. ऑर्गनचं काम कोअरमध्ये छान वाटून देता येतं, म्हणून कोअर जास्त असलेले चांगले, पण एकेक कोअरही चपळ हवा. तुमच्या एका सेटसाठी ८ कोअर पुरतील. मोठे सराउंड सेट, किंवा कोरडे रेकॉर्ड केलेले सेट घेऊन त्यांना प्रोग्राममधूनच कॉन्व्होल्यूशन रिव्हर्ब, म्हणजे इमारतीचा घुमार कृत्रिमरीत्या, लावायचा विचार असेल तर १२ घ्या, तो रिव्हर्ब प्रोसेसर बराच खातो. एक्स३डी बद्दल माझं मत असं की तो वाईट नाही, पण जास्तीचे पैसे त्यातल्या मोठ्या कॅशचे, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या जलद मेमरीचे, असतात. ७८००एक्स३डी मध्ये ती ९६ एमबी असते. गेममध्ये तोच तोच डेटा परत परत लागतो म्हणून तिथे फायदा होतो, इथे ४० जीबीमध्ये विखुरलेले सॅम्पल एकदा वाचून पुढे सरकायचं असतं, त्यात ९६ एमबी कुठे पुरी पडणार. साधा रायझन ७ ७७०० किंवा ९७००एक्स घ्या, दोन्ही ८ कोअरचे, ६५ वॅटचे, म्हणजे गरमही कमी होतात आणि त्यामुळे पंखेही शांत राहतात. १२ हवे असतील तर रायझन ९ ७९०० पण ६५ वॅटचाच आहे. इंटेलवरही हे सगळं उत्तम चालतं, फक्त त्यांच्या १२ व्या पिढीपासून बहुतेक प्रोसेसरमध्ये मोठे आणि छोटे असे दोन प्रकारचे कोअर एकत्र असतात, आणि आवाजाचं काम छोट्या कोअरवर गेलं तर काय अशी रुखरुख मला नको असते, म्हणून मी सगळे सारखे कोअर असलेला पसंत करते. ओव्हरक्लॉक, म्हणजे ठरल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणं, मात्र कशालाही करू नका.

ग्राफिक्स कार्ड का नको ते दोन वाक्यांत सांगते. सॉफ्टवेअर आवाजासाठी त्याला हातही लावत नाही, स्क्रीनवर स्टॉपची चित्रं दाखवायची एवढंच काम, आणि ते वर सांगितलेल्या प्रोसेसरमधलं आतलं ग्राफिक्स सहज करतं. उलट कार्डाचे ड्रायव्हर आवाजात अडथळा आणू शकतात आणि त्याच्या पंख्यांचा आवाज वेगळाच. फक्त एक बघा, दोन्ही बाजूला टचस्क्रीन लावून स्टॉप बोटाने काढायचे असतील, आणि लावाच, फार मजा येते, तर बोर्डावर मागे एचडीएमआय आणि डिस्प्लेपोर्ट असे दोन्ही असायला हवेत. इंटेल घेणार असाल तर नावामागे एफ असलेला घेऊ नका, त्यात आतलं ग्राफिक्स नसतं. कार्ड गेलं की ८५० वॅटची गरजही गेली, ५५० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय पुष्कळ झाला, कमी भाराला ज्याचा पंखा बंदच राहतो असा मिळाला तर उत्तम.

आवाजावरून आठवलं, वॉटर कूलिंग. त्यात पंप असतो आणि त्याची बारीक गुणगुण सतत चालू असते. मोठा हवेवरचा कूलर, १२० किंवा १४० एमएमचे पंखे, आणि बायोसमध्ये ते हळू चालतील अशी सेटिंग, बस. हे मी एवढं का ताणतेय, तर ऑर्गन ऐकण्यातला सगळ्यात सुंदर भाग म्हणजे शेवटचा सूर सोडल्यावर हळूहळू विरत जाणारा घुमार, आणि तेवढ्यात पंख्याची घरघर ऐकू आली तर इतका खर्च करून काय मिळवलं. बऱ्याच सेटमध्ये खऱ्या ऑर्गनच्या हवेच्या मोटरचा आवाजसुद्धा रेकॉर्ड करून दिलेला असतो, तो हवा तर लावा नाहीतर बंद ठेवा. कॉम्प्युटरच्या पंख्याला असं बंद करता येत नाही.

एसएसडी २ टीबी ठीक आहे, ती तशीच ठेवा. नुसत्या हिशोबाने ४० जीबीचा सेट साध्या साटा एसएसडीवरून ५०० एमबीच्या वेगाने यायला ८० सेकंद, जलद प्रकारच्या एनव्हीएमई एसएसडीवरून ३००० ने १३-१४ सेकंद. पहिल्यांदा चढवताना बराच जास्त वेळ लागतो कारण प्रोग्राम स्वतःची कॅश, म्हणजे सेटची तयार प्रत, बनवतो, नंतर भराभर चढतो. त्याहून महाग एसएसडी घेऊन वाजवण्यात काडीचाही फरक पडत नाही.

मित्राच्या यादीत ऑडिओ इंटरफेस, म्हणजे स्पीकरला आवाज देणारं बाहेरचं साउंड कार्ड, नाहीच आणि मला ते सगळ्यात जास्त खटकलं. बोर्डावरच्या आवाजाला नीट एएसआयओ ड्रायव्हर (आवाज कमी उशिरात पोचवणारा) नसतो, आणि विंडोजवर पट्टी दाबल्यावर आवाज वेळेत यायला तो लागतो. चांगला ड्रायव्हर असलेला यूएसबी इंटरफेस घ्या, आणि पुढे सराउंड करायचंच असेल तर सहा आउटपुटचा घ्या, म्हणजे तो परत बदलावा लागणार नाही. थंडरबोल्टच हवा असं काही नाही. ४८ किलोहर्ट्झला ५१२ चा बफर (एका वेळी तयार होणारा आवाजाचा तुकडा) ठेवला तर साधारण ११ मिलिसेकंद उशीर होतो. आवाज तेवढ्यात साडेतीन मीटर जातो, म्हणजे स्पीकर खोलीच्या पलीकडच्या भिंतीला ठेवल्यासारखं. मोठ्या कॅथेड्रलमध्ये कन्सोल पाइपांपासून ३० मीटरवर असेल तर वादकाला आपलाच सूर जवळजवळ ८७ मिलिसेकंद उशिरा ऐकू येतो आणि तरी तो वाजवतोच. तेव्हा ६४ किंवा १२८ च्या बफरचा अट्टहास करू नका, त्याने प्रोसेसरचा जीव जातो आणि ज्या कडकडीपासून सुटायला निघालात ती परत येते. २५६ ते ५१२ मध्ये राहा. इंटरफेसची वायर हबमधून नेऊ नका, सरळ बोर्डाच्या मागच्या पोर्टला लावा. पोर्ट मोजूनच बोर्ड घ्या, दोन कीबोर्ड, पेडल, इंटरफेस, टचस्क्रीन आणि लायसन्ससाठी आयलॉकची की वापरणार असाल तर तीही, सहा पोर्ट कधी भरले कळतही नाही.

माझ्या स्वतःच्या मशीनची एक गोष्ट सांगते. सगळे पार्ट नीट निवडून बांधलं, पॉलिफनी उत्तम, पण दर काही मिनिटांनी एकदाच टक असा आवाज यायचा. मी रॅम बदलून पाहिली, बफर वाढवला, इंटरफेस परत करायला निघाले होते, जवळजवळ महिना त्यात गेला. शेवटी लेटन्सीमॉन नावाचा छोटा प्रोग्राम चालवला, कुठला ड्रायव्हर विंडोजला अडवून धरतोय ते तो दाखवतो, तर निघालं वायफाय कार्ड. वायफाय बंद केलं, टक गायब. तेव्हापासून मी वाजवायच्या मशीनवर वायफाय बंदच ठेवते, अपडेट हवे तेव्हा वायर लावते. तुम्हीही पहिल्या दिवशीच ते करा, शिवाय पॉवर प्लॅन हाय परफॉर्मन्सवर ठेवा, यूएसबी झोपवण्याची सेटिंग बंद करा, आणि त्या मशीनवर बाकीचे प्रोग्राम घालू नका. मित्राला वाटेल एवढ्या चांगल्या प्रोसेसरवर गेम का नाही टाकत, टाकू देऊ नका.

कुणीतरी तुम्हाला मॅकही सुचवेल. ते शांत असतात, आवाजाचं ड्रायव्हरचं लफडं नसतं आणि वाजवायला खरंच छान आहेत, पण नव्या मॅकमध्ये रॅम नंतर वाढवता येत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी पूर्ण घ्यावी लागते आणि ती महाग पडते. तुमच्याकडे बांधून देणारा मित्र आहे, तुम्ही बांधूनच घ्या.

बांधून झाल्यावर लगेच मोठा सेट विकत घेऊ नका. आधी रात्रभर मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवा, एकसुद्धा एरर आली तर तो रॅमचा जोड परत करा, एक एरर म्हणजे चालून जाईल असं नसतं. मग एखादा फुकटचा सेट घ्या, ऑस्ट्रियातल्या फ्रीसाखचा फुकट मिळतो आणि तो चांगला मोठा आहे. आणि हे लक्षात ठेवा की विकत घेतलेले बरेच सेट कुलूपबंद असतात आणि फक्त हाउप्टवर्कमध्येच उघडतात, ग्रँडऑर्गवर जायचा विचार मनात असेल तर सेट घेण्याआधी ते विचारून घ्या.

मग सगळे स्टॉप काढा, सगळे कपलर लावा, दोन्ही हातांनी आणि पायांनी भराभर तुटक कॉर्ड मारत राहा, दहाबारा सेकंद, आणि एकदम हात उचला. घुमार पूर्ण विरेपर्यंत कान देऊन ऐका. प्रोग्रामच्या पॅनेलवर सीपीयू आणि पॉलिफनीचे मीटर असतात, ते या वेळी कुठे जातात ते बघा. कडकड आली तर पॉलिफनीची मर्यादा हजार हजारने खाली आणा, मर्यादा गाठली की प्रोग्राम आधी जुन्या, विरत आलेल्या शेपट्या गुपचूप कापतो, नेमकं बसवलं तर कानाला कळतही नाही. जिथे कडकड थांबते त्याच्या थोडं खाली कायमचं ठेवा. हाच प्रयोग आज तुमच्या लॅपटॉपवरही करून बघा, मर्यादा कमी करून आणि १६ बिटवर चढवून, नवीन मशीन येईपर्यंत सराव अडायला नको. दोन्ही मशीनचे आकडे लिहून ठेवा आणि जमलं तर मलाही कळवा, कुठला सेट, किती चॅनेल, किती बफर यासकट.